भूल देण्याआधीच्या इंजेक्शनचीही चौकशी करा

मा. संपादक,
स. न.

प्राण्यांच्या शस्त्रक्रियेआधी मालक भुलीबद्दल विचारतात, टाक्यांबद्दल विचारतात. परंतु भुलीच्या आधी जे गुंगीचे इंजेक्शन दिले जाते, त्याची चौकशी सहसा कोणी करत नाही. जनावर हलू नये म्हणून ते देतात, एवढीच त्याची ओळख असते. जनावर निपचित पडले म्हणजे त्याचे दुखणे थांबले, हा त्यामागचा समज एक पशुवैद्यक म्हणून मला फार घातक वाटतो.

अ‍ॅसेप्रोमाझीन हे गुंगीचे जुने औषध दिल्यावर कुत्र्याची मान खाली जाते, डोळ्यांत तिसरी पापणी (आतल्या कोपऱ्यातला पडदा) दिसू लागते आणि तो जागच्या जागी बसून राहतो. मात्र या औषधाने वेदना कमी होत नाही. मोडलेल्या पायाला हात लागताच तोच कुत्रा वळून चावू शकतो. शिवाय रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब उतरतो आणि या औषधावर उतारा नाही. म्हणूनच त्याच्या जोडीला मॉर्फीन किंवा ब्युप्रेनॉर्फिनसारखे वेदनाशामक हवे. ते आधीच दिलेले असले की पुढे प्रोपोफॉलसारखे भुलीचे औषधही कमी लागते.

झायलाझीन या दुसऱ्या औषधाने गुंगी येते, वेदनाही काही प्रमाणात शमते आणि त्यावर उतारा उपलब्ध आहे. परंतु हृदयाचे ठोके बरेच मंदावतात. गाय या औषधाला इतकी संवेदनशील आहे की घोड्याला वजनाच्या हिशेबाने जेवढी मात्रा लागते, त्याच्या सुमारे एक दशांश मात्रा तिला पुरते. रवंथ करणाऱ्या जनावरांचे पोट फुगणे, चारा-पाणी घशात उलटून फुप्फुसात जाणे हे धोके तर आहेतच, पण गाभण गायीला शेवटच्या महिन्यांत ते टाळणेच श्रेयस्कर, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावते. (सशांची गोष्ट आणखी निराळी: अनेक सशांच्या शरीरात हृदयाचे ठोके मंदावू नयेत म्हणून दिले जाणारे अ‍ॅट्रोपीन चटकन निष्प्रभ होते, म्हणून त्यांना त्याच कामाचे ग्लायकोपायरोलेट देतात.)

वेळेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्नायूत दिलेले औषध अंगात भिनायला साधारण 15 ते 20 मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ प्राण्याला शांत, मंद उजेडाच्या जागी ठेवावे लागते. तिथे गोंगाट झाला, पुन्हापुन्हा हाका मारल्या किंवा पाच मिनिटांतच त्याला टेबलावर उचलून ठेवले, तर भीतीने तो गुंगीशी झगडत राहतो. मग औषध लागू पडले नाही असे समजून दुसरी मात्रा दिली जाते आणि थोड्या वेळाने दोन्हींचा परिणाम एकदम दिसू लागतो. उशीर का होतोय, असे मालकाने बाहेरून विचारत राहिल्यास आम्हा डॉक्टरांवरही घाईचा ताण येतो, हे मान्य करायला हवे.

तेव्हा माझी विनंती अशी की, शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी वेदनेसाठी कोणते औषध देणार आहात, हे मालकांनी स्पष्ट विचारावे. तसेच प्राण्याने शेवटचे कधी खाल्ले, त्याला कोणती औषधे चालू आहेत, पूर्वी गुंगीतून उठायला त्याला फार वेळ लागला होता का, हे न विचारताही सांगावे. घरातली उरलेली शामक गोळी देऊन त्याला दवाखान्यात आणले असेल, तर ती गोष्ट कृपया लपवू नये. आम्ही देणार असलेली मात्रा त्यावरच ठरते.

आपला,
एक पशुवैद्यक