मदतीच्या आवाहनाखाली चार ओळी परदेशातल्यांसाठीही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पूर आला की आपल्याकडच्या सगळ्याच वर्तमानपत्रांत मदतीचं आवाहन येतं. संस्थेचं नाव, खाते क्रमांक, आयएफएससी कोड, कोपऱ्यात क्यूआर कोड. सकाळी नाशिककर ती चौकट वाचत असतात, तोवर तिचा फोटो दुबई, लंडन, न्यू जर्सीला पोचलेला असतो. पण परदेशात राहणाऱ्याने त्या खात्यात पैसे भरावेत की नाही, याबद्दल चौकटीत एक अक्षर नसतं. मी बँकेत तीसेक वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी परदेशातून येणाऱ्या पैशांच्या टेबलावर. म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर पाण्याखाली गेलं तेव्हाची गोष्ट. सीना नदीने परंड्यापासून माढा-मोहोळपर्यंत शेतं खरवडून नेली होती, जायकवाडीतून ३ लाख क्युसेकच्या घरात पाणी सुटलं होतं. माझ्या बहिणीची दोन्ही मुलं इथे सराफ बाजाराजवळच्या वाड्यात वाढली. पावसाळ्यात शाळेतून येताना गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, डोकावायचं, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय की छातीला ते बघायचं आणि घरी येऊन आईला सांगायचं. छातीला म्हटलं की बहीण पिठाचे डबे माळ्यावर चढवायला घ्यायची. अशा मुलांना पुराच्या बातम्या पाहून स्वस्थ बसवत नाही. भाचा दुबईत असतो, भाची न्यू जर्सीत. दोघांनी एकाच रात्री, इथल्या एकाच संस्थेच्या खात्यात, आपापल्या नाशिकमधल्याच एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांसाठीच्या, रुपयांतल्या) खात्यांतून प्रत्येकी २५ हजार रुपये भरले. भाच्याला पावती आली. भाचीचे पैसे चौथ्या दिवशी परत आले. खजिनदारांनी तिला फोन करून विचारलं होतं, "ताई, पासपोर्ट कुठला? अमेरिकेचा? मग आम्हाला नाही घेता येणार."

रात्री तिचा मला फोन. "मामा, मी परकी झाले का?"

खजिनदारांचं काही चुकलं नव्हतं. उलट त्यांनी विचारलं म्हणून संस्था अडचणीत आली नाही. परकीय योगदान नियमन कायदा २०१० चा, सगळे त्याला एफसीआरए म्हणतात. तो पैसे कुठल्या देशातून आले, डॉलर आहेत की रुपये, खातं नाशिकचं आहे की न्यूयॉर्कचं, हे आधी बघत नाही. देणारा कोण, हे बघतो. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस वीस वर्षं दुबईत राहत असला तरी बँकेतून रीतसर दिलेली त्याची स्वतःची देणगी परकीय ठरत नाही. ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, त्याची देणगी परकीय. मग त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असो, नाशिकमध्ये खातं असो, वाड्यात हिस्सा असो. अशी देणगी फक्त एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते. एवढं एक वाक्य त्या चौकटीत असतं, तर एका मुलीच्या मनाला लागलं नसतं आणि चार दिवस फुकट गेले नसते.

या गोंधळात २०१८ च्या केरळच्या पुराची भर आहे. तेव्हा आपल्या सरकारने परदेशी सरकारांनी देऊ केलेली मदत घेतली नाही, आणि 'भारत बाहेरची मदत घेतच नाही' असा समज पसरला तो आजतागायत आहे. प्रत्यक्षात परदेशातल्या भारतीयांनी, भारतीय वंशाच्या लोकांनी आणि तिकडच्या प्रतिष्ठानांनी पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री मदत निधीला दिलेल्या देणगीचं स्वागतच आहे, असं परराष्ट्र मंत्रालयाने तेव्हाही सांगितलं होतं.

आपल्या राज्यापुरती चांगली गोष्ट अशी की महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला मे २०२५ मध्ये एफसीआरएची मान्यता मिळाली. देशातल्या कुठल्याही राज्याच्या मुख्यमंत्री निधीला मिळालेली ही पहिलीच. म्हणजे माझी भाची तिचे पैसे सरळ तिथे देऊ शकत होती. तिला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पूर येईपर्यंत मीही ते तिला सांगितलं नव्हतं. पीएम केअर्स फंडालाही परदेशातून देणगी घेण्याची मुभा आहे. दोन्हीकडे परकीय देणगीचं खातं वेगळं असतं, तेवढं बघून भरायचं.

संस्थेलाच द्यायचं असेल तर तिची नोंदणी आहे का ते केंद्रीय गृह मंत्रालयाच्या एफसीआरए संकेतस्थळावर बघावं. नोंदणी पाच वर्षांसाठी असते, त्यामुळे ती अजून चालू आहे का तेही तपासावं. एक खूण कायम लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०२१ पासून परकीय देणगी स्वीकारायचं खातं फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत असू शकतं. संस्था सिन्नरची असो की सुरगाण्याची, पैसे आधी तिथेच येतात, नंतर ती इथल्या खात्यात वळते करून वापरू शकते. कुणी परदेशी नागरिकाला 'डॉलर माझ्या बचत खात्यात टाका, मी पोचवतो' म्हणालं, तर माणूस कितीही सज्जन असला तरी टाकू नयेत. पूरकाळात संस्थांची नावं वापरून खोटे क्यूआर कोड फिरतात, ते तर वेगळंच.

आणखी एक अडचण आमच्या भागातल्या तरुण मंडळांना कळायला हवी. पूर्वी मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्था बाहेरून आलेला पैसा गावातल्या छोट्या संस्थेकडे देऊन काम करून घेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय देणगी दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही, तिच्याकडे स्वतःची नोंदणी असली तरीही. मला हा नियम छोट्या संस्थांवर अन्यायाचा वाटतो, कारण गावात कुणाच्या घरात चूल पेटली नाही हे त्यांनाच ठाऊक असतं. पण नियम आहे तोवर पाळायला हवा. मंडळांनी भारतीय पासपोर्टवाल्यांकडूनच देणगी घ्यावी आणि पासपोर्टची प्रत फायलीला लावावी.

नात्यातल्या कुणाचं घर पुरात गेलं असेल तर प्रश्नच नाही. नातेवाइकांकडून आलेल्या पैशाला हा कायदा आडवा येत नाही, आणि २०२२ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत सरकारला कळवावंही लागत नाही. मात्र संस्थेची देणगी आईच्या खात्यातून फिरवून देण्याची वाट कुणी काढू नये. उद्या चौकशी झाली तर उत्तरं संस्थेला द्यावी लागतात.

कर सवलतीचं थोडक्यात. आपल्या ८० जी पावतीचा उपयोग भारतात कर भरणाऱ्यालाच. ब्रिटनमधल्या करदात्याने तिथल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत दिलं तर गिफ्ट एड या तिथल्या कर योजनेमुळे प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स जास्तीचे त्या संस्थेला मिळतात. अमेरिकेतही सवलत हवी तर तिथली नोंदणीकृत संस्थाच गाठावी लागते.

कपड्यांची पार्सलं मात्र कृपा करून पाठवू नयेत. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीने चांदोरी-सायखेड्याला वेढा घातला होता, तेव्हा पाणी ओसरल्यावर मी तिकडे गेलो होतो. एका शाळेच्या ओट्यावर जुन्या कपड्यांचा ढीग भिजत पडला होता, वर एक जरीचा ब्लाऊज. शेजारी एक बाई पत्र्याच्या तुकड्याने घरातला गाळ ओढत होती. मी काय हवंय विचारलं. म्हणाली, "दादा, फावडं द्या. आणि म्हशीला चारा."

पहिल्या आठवड्यात सगळे देतात. मोटर दुरुस्त करायची, विहिरीतला गाळ काढायचा, ज्वारी-हरभऱ्याचं बियाणं घ्यायचं, ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि तोपर्यंत बातम्या थांबलेल्या असतात. भाचीने शेवटी तेच केलं. नोव्हेंबरात एफसीआरए नोंदणी असलेल्या एका संस्थेला बियाण्यासाठी पैसे दिले. पावतीचा फोटो मला पाठवला, खाली लिहिलं होतं, "मामा, या वेळी परत नाही आले."

माझी विनंती एवढीच आहे. यापुढे आवाहन छापताना त्याखाली चार ओळी द्याव्यात. हे खाते फक्त भारतीय पासपोर्टधारकांसाठी आहे का, एफसीआरए नोंदणी क्रमांक काय, परकीय देणगीचे खाते कोणते, आणि पुढच्या तीन महिन्यांत नेमकं काय लागणार आहे. संस्थांकडून ही माहिती मे महिन्यातच मागवून ठेवता येईल. त्या कामात माझ्यासारख्या निवृत्त माणसाची मदत होणार असेल तर मी कार्यालयात येऊन बसायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
पंचवटी, नाशिक