ताई, त्या दोन रेषांबद्दल

आदरणीय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. परळच्या ओपीडीत तुम्ही जेनेटिक काउन्सेलर म्हणून बसता, एवढं पुरे.

लेकाच्या मेंदूतली गाठ काढून झाली होती. रिपोर्ट हाय ग्रेड ग्लायोमाचा, म्हणजे मेंदूच्या वेगानं वाढणाऱ्या कॅन्सरचा. त्याच्या पाठीवरचे कॉफीच्या रंगाचे डाग आजवर सगळ्यांनी जन्मखुणा म्हणून सोडून दिले होते. तुम्ही शर्ट वर करून ते एकेक मोजलेत. मग कोऱ्या कागदावर चौकोन आणि गोल काढत आमचं घराणं मांडलंत आणि विचारलंत, "लग्न नात्यातलं का?" माझे मिस्टर म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. आम्हा दोघांमध्ये तुम्ही एकाऐवजी दोन रेषा ओढल्यात, नात्यातल्या लग्नाची खूण म्हणून. चेहऱ्यावर काही म्हणजे काही न आणता.

तिथून सगळं उलगडत गेलं. गाठीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तुकडा, पुन्हा तपासला. पीएमएस-२ नावाचं प्रथिन असलं की चढणारा तपकिरी रंग गाठीच्या पेशींत नव्हताच, शेजारच्या चांगल्या पेशींतही चढला नव्हता. म्हणजे दोष जन्मापासूनचा. रक्ताच्या तपासणीतही तेच आलं: डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणारं जनुक आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून बिघडलेलं. अशा गाठीवर टेमोझोलोमाइड ही नेहमीची केमो फारशी चालत नाही. पण चुका इतक्या साचलेल्या असतात की शरीराच्या लढणाऱ्या पेशींना ती परकी वाटू शकते, फक्त त्यांना लागलेला ब्रेक सोडवावा लागतो. ते काम पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध करतं. २०१७ मध्ये अमेरिकेत त्याला गाठ कुठल्या अवयवात आहे हे न बघता, दुरुस्तीतला हा दोष बघून मंजुरी मिळाली होती. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून ते सुरू झालं. पहिल्या एमआरआयला गाठ वाढलेली दिसली तेव्हा माझे पाय गळाले. सुजेनंही तसं दिसतं, थांबू, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या एमआरआयला ती आक्रसलेली होती.

हे पत्र लिहायला बसले ते मात्र आत्यामुळे. रिपोर्ट कळल्यापासून ती धड जेवत नव्हती. "मीच मागणी घातली होती गं," एवढंच म्हणायची. मी हे तुम्हाला सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही तिला बोलावून घेतलंत. माझ्या आजी-आजोबांपैकी कुणाकडून तरी एक बिघडलेली प्रत दोन्ही घरांत उतरली, ती कुणाला दिसत नाही, कुणी निवडून देत नाही, हे तुम्ही तिचा हात हातात धरून सांगितलंत. बाहेर रांग असताना. त्या दिवशी कँटीनमध्ये आत्यानं दोन इडल्या खाल्ल्या.

धाकटीलाही हा दोष असण्याची शक्यता २५ टक्के, म्हणून तिचंही रक्त दिलंय. सोमवारी रिपोर्टसाठी येतोय. आत्या सोबत आहे. तुमच्यासाठी कुरडया बांधून ठेवल्यात तिनं.

तुमची,
एक आई