रिफंड किती दिवसांत, ते कायद्यात आकड्यात लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाईन मागवलेली वस्तू सांगितलेल्या तारखेला आली नाही म्हणून ऑर्डर रद्द केली, तर पैसे नक्की किती दिवसांत परत मिळाले पाहिजेत हे सरकारने एकदाचं आकड्यात लिहून द्यावं, या मागणीसाठी हे पत्र लिहितोय. आमच्या घरी नुकताच हा प्रकार झाला आणि आजूबाजूला विचारलं तर प्रत्येकाकडे असाच काहीतरी किस्सा निघाला, म्हणून वाटलं की लिहावं.

एप्रिलात अकोल्याचं ऊन कसं असतं ते विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. आईवडिलांच्या खोलीसाठी एका मोठ्या शॉपिंग अ‍ॅपवरून साडेसात हजारांचा कुलर मागवला, पैसे यूपीआयने आधीच भरले कारण तसं केलं तर थोडी सूट होती. दिलेली तारीख गेली, मग नवीन तारीख आली, तीही गेली. ट्रॅकिंगवर कुलर कधी भिवंडीला तर कधी नागपूरला, आणि एक दिवस सकाळी ‘आउट फॉर डिलिव्हरी’ आलं म्हणून सगळे वाट बघत बसले तर संध्याकाळी मेसेज, की ग्राहक घरी नसल्याने डिलिव्हरी होऊ शकली नाही. आईवडील दिवसभर घरातच होते, दाराची बेल वाजली नाही की फोन आला नाही. हे असं खोटं लिहून टाकतात त्याचा राग जास्त येतो, कारण त्या एका ओळीमुळे उशिराचा दोष कंपनीकडून निघून ग्राहकाच्या डोक्यावर येतो.

शेवटी ऑर्डर कॅन्सल केली. अ‍ॅपने दोन सेकंदात ‘विनंती मंजूर’ असं दाखवलं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की माल परत गोडाऊनला पोचला की रिफंड सुरू होईल. म्हणजे जो कुलर मी डोळ्यांनी बघितलाही नाही तो ह्यांच्याच गाडीतून ह्यांच्याच गोडाऊनला जाणार, आणि तो पोचेपर्यंत माझे साडेसात हजार अडकून राहणार. तोवर उन्हाळा काही थांबत नाही, त्यामुळे गावातल्या दुकानातून दुसरा कुलर उधारीवर आणला. पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला एकाच वस्तूचे पैसे दोनदा उभे करायला लागले तर महिन्याचं गणित कोलमडतं, हे त्या चॅटवर बसलेल्या पोरांना सांगून उपयोग नसतो, कारण त्यांच्या हातात काही नसतं, ती बिचारी ‘तुमची गैरसोय समजू शकतो, कृपया ४८ तास थांबा’ एवढंच टाईप करू शकतात.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, आणि त्याखाली ई-कॉमर्सचे नियम जुलै २०२० मध्ये आले. त्यात स्वच्छ लिहिलंय की सांगितलेल्या वेळापत्रकापेक्षा माल उशिरा आला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही, फक्त पूर-भूकंपासारखं आवाक्याबाहेरचं कारण असेल तर गोष्ट वेगळी. तक्रार अधिकारी नेमायचा, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची, हेही आहे. पण मंजूर झालेला रिफंड कधी द्यायचा, तर रिझर्व्ह बँकेने किंवा दुसऱ्या कायद्याने जे ठरवलं असेल त्याप्रमाणे, ‘वाजवी मुदतीत’. सगळी गोची इथे आहे. वाजवी म्हणजे किती, आणि कधीपासून मोजायची, कॅन्सल केलं तेव्हापासून की गोडाऊनला खोकं पोचलं तेव्हापासून? जिथे मुदत लिहिलेली नसते तिथे ती ठरवतो ज्याच्या हातात पैसे आहेत तो.

आणि मुदत आकड्यात लिहिता येत नाही असं अजिबात नाही. खात्यातून पैसे कापले गेले पण व्यवहार फेल झाला, तर ठरलेल्या दिवसांत ते परत करायचे आणि नाही केले तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये द्यायचे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१९ पासून आहे, आणि तेही ग्राहकाने न मागता. रेल्वेने गाडीच रद्द केली तर ऑनलाईन तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात येतात, फॉर्म भरावा लागत नाही. मग शॉपिंग कंपन्यांनाच ही मोकळीक कशासाठी? विक्रेते लहान असतात, त्यांना एकदम पैसे काढणं जड जातं असं कोणी म्हणेल, पण माल पोचलाच नसेल तर ते पैसे बहुतेक वेळा विक्रेत्याच्या खात्यात गेलेलेच नसतात. ते मधल्या मधे पडून असतात आणि त्या काळाचं व्याज ग्राहकाला कोणी देत नाही.

दुसरा त्रास वॉलेटचा. रिफंड निवडताना अ‍ॅपच्या वॉलेटचा पर्याय मोठ्ठा आणि रंगीत, ‘लगेच मिळेल’ असा, बँक खात्याचा पर्याय खाली फिकट अक्षरात. घाईत माणूस पहिल्यावर बोट ठेवतो आणि पैसे त्याच कंपनीत अडकतात. पैसे ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने परत जायला हवेत, ग्राहकाने स्वतः होकार दिला तरच दुसरीकडे, असं रिझर्व्ह बँकेने २०२० मध्येच पेमेंट कंपन्यांना सांगितलंय. अशा फसव्या मांडणीने मिळवलेल्या होकाराला होकार म्हणायचं का, हे सरकारने बघावं.

माझे पैसे आले, पण १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली तेव्हा. त्याआधी अ‍ॅपवर ‘रिफंड पूर्ण’ अशी हिरवी खूण दिसत होती आणि बँकेत एक रुपया नव्हता. वाचकांना सांगावंसं वाटतं, अशा वेळी कंपनीकडे यूटीआर नंबर, म्हणजे बँकेच्या नोंदीतला त्या व्यवहाराचा क्रमांक मागा, कार्डने भरले असतील तर तसाच एआरएन नंबर मागा, तो नंबर बँकेत दाखवला की पैसे खरंच निघालेत का ते कळतं. नंबर देत नसतील तर बहुतेक पैसे निघालेलेच नसतात. आणि कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, रिफंडची वाट बघणारी माणसंच तिथल्या खोट्या नंबरांना बळी पडतात. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या मोठ्या माणसांना परत परत सांगा, आणि फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाईनला लगेच फोन करा. कंपनी दाद देत नसेल तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात घरबसल्या तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

पण साडेसात हजारांसाठी प्रत्येकाने आयोगाची पायरी चढावी हा काही उपाय नाही, दोन-चारशे रुपयांसाठी तर कोणी चढणारच नाही. म्हणून मागणी सरळ आहे, डिलिव्हरीची तारीख टळल्यावर ग्राहकाने ऑर्डर रद्द केली तर त्या क्षणापासून मुदत मोजा, माल कुठेही असो, जास्तीत जास्त पाच दिवसांत पैसे मूळ खात्यात, आणि उशीर झाला तर दिवसाचे १०० रुपये न मागता. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद असते, तिथून हा विषय वर पाठवता येईल, आपल्या भागातल्या खासदारांनीही तो संसदेत मांडावा. आपल्या वाचकांनी रखडलेल्या रिफंडचे अनुभव कळवले तर ते एकत्र करून परिषदेकडे द्यायची माझी तयारी आहे.

आपला,
एक वाचक, अकोला