तहकूब सभा

23 मार्च 2025

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला त्याच आठवड्यात लिहिणार होतो, पण शाळूची काढणी आली आणि मजुरांच्या मागे फिरण्यात दिवस गेले. आता कडबा रचून झालाय. ओढ्याकाठच्या पांगाऱ्यावर सकाळी सहालाच साळुंक्यांची भांडणं सुरू होतात. बांधावरच्या आंब्याला मोहोर बक्कळ आहे, टिकला तर खरं.

तू म्हणालास, गावच्या राजकारणात आता राम नाही. तुझ्या पुण्यात मार्च 2022 पासून प्रशासक, महापालिकेसाठी शेवटचं मत तू 2017 साली दिलंस, तेव्हा तुझा वैताग समजतो. मीही तुझ्याच पंथाचा होतो. म्हणून गेल्या महिन्यातली गोष्ट तुलाच सांगतो.

26 जानेवारीला झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली आणि ग्रामसभेला उरले तीसेक जण. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा भरला पाहिजे. भरला नाही, सभा तहकूब. आता यातली गंमत बघ. तहकूब सभेला गणसंख्येची अटच नाही. पाच माणसं बसली तरी विषय मंजूर. त्यामुळे लोक आले नाहीत की कुणाकुणाला बरंच वाटतं. मग हजेरीची वही घरोघर फिरते. मी स्वतः दोन वर्षं गोठ्यात धार काढता काढता सही केलीय, वर विषय काय होते हेही विचारलं नाही. तुला सांगायला लाज वाटते, पण केलीय.

या वेळी विषय होता गावच्या विकास आराखड्याचा, म्हणजे पंचायतीचा पैसा कुठल्या कामावर घालायचा याचा. देवळापुढे पेव्हर ब्लॉक बसवायचे असं आधीच ठरल्यासारखं होतं. वरच्या आळीला तीन वर्षं नळाला पाणी चढत नाही. बायका खालच्या हापशावरून हंडे वाहतात. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असा नियम आहे, पण आपल्याकडे ती आजवर फक्त कागदावर व्हायची. फेब्रुवारीत तहकूब सभेच्या आदल्या दिवशी बचत गटाच्या बायका खरोखरच शाळेच्या व्हरांड्यात बसल्या. तिथं काय शिजलं ते मला ठाऊक नाही. आमच्या घरातूनही एक अक्षर बाहेर फुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी जिथं एकाचीही सक्ती नव्हती तिथं वहीत 140 वर सह्या-अंगठे पडले. सतरंज्या कमी पडल्या, पोरं कठड्यावर बसली. ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण आपल्या तोंडात ग्रामसेवकच बसलाय) वाचायला लागले : पंधराव्या वित्त आयोगाचा निधी, बंधित 60 टक्के, अबंधित 40 टक्के. तेवढ्यात वरच्या आळीची म्हातारी उठली. तू तिच्या परसातल्या चिंचा चोरायचास, तीच. म्हणाली, "बंधित म्हंजी? म्हशीगत बांधलाय व्हय कुनाच्या दावनीला?"

अख्खी सभा हसली. ग्रामसेवकही हसले, आणि मग त्यांना समजावून सांगावंच लागलं, की बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. म्हातारी खाली बसेना. "मग पान्याचं पैसं कुटं हाईत? आमच्या नळाला तर न्हाईत."

पुढचा पाऊण तास, सुध्या, मी एवढ्या वर्षांत न ऐकलेली भाषा ऐकली. कुणी कुणाच्या गटाचा म्हणून बोललं नाही असं म्हणणार नाही, बोललेच; एकदा तर बाह्या सरसावल्या गेल्या. पण बोलणं पुन्हा पाइपलाइनवर यायचं. बायका ते परत तिथं आणायच्या. सरपंचबाई इतके दिवस मालकांकडे बघून मान हलवायच्या. 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या झाल्या, तरी खुर्ची एकीची आणि कारभार दुसऱ्याचा हे आपण पाहतोच. त्या दिवशी त्यांनी मालकांना सांगितलं, "तुम्ही जरा बसा." एवढंच. पण मालक बसले.

वरच्या आळीची पाइपलाइन आराखड्यात पहिल्या नंबरवर आली, ब्लॉक मागे गेले. ठराव लिहून झाला तरी म्हातारीनं अंगठा दिला नाही. "आदी वाचून दाव." सगळा ठराव पुन्हा मोठ्यानं वाचला गेला, मगच शाईचं पॅड तिच्यापुढे आलं. मी तिच्या मागेच उभा होतो सहीला. पहिल्यांदाच कशावर सही करतोय ते ठाऊक असताना केली.

लगेच हुरळून जाऊ नकोस. पाणी अजून आलेलं नाही. वरून मंजुरी यायची आहे, आणि ब्लॉकवाल्या मंडळींचे चेहरे अजून उतरलेले आहेत. त्यातल्या एकानं परवा मला पारावर विचारलं, "काय, बायकांच्या पार्टीत गेलास म्हणे?" मी म्हटलं, पाणी माझ्याही घरात लागतं. फरक इतकाच, की हल्ली वरच्या आळीच्या दोघी-तिघी दर सोमवारी पंचायतीत जातात आणि "आमचा कागद कुठवर गेला?" एवढं विचारून येतात. ग्रामसेवकांनी त्यांच्यासाठी बाहेर बाक टाकलाय.

पुढची सभा 1 मेला आहे. तुझं नाव गावच्या यादीत अजून तसंच आहे, मी बघितलंय. ते इथं ठेवायचं की तिकडं हलवायचं याचा एकदा निकाल लाव. आणि इथं ठेवणार असशील तर 30 तारखेच्या रात्रीच्या एसटीनं ये. सभा सकाळी आहे, आणि म्हातारीला मी सांगून ठेवलंय, की चिंचचोर येणार आहे.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या