थांबणाऱ्याला निदान बसा तरी म्हणा

महोदय,

महामार्गावरील अपघातांविषयीचा कालच्या अंकातील लेख वाचला. लोक जखमीभोवती मोबाइल धरून उभे राहतात हे खरे आहे आणि ते लाजिरवाणेच आहे. पण सगळे खापर बघ्यांच्या डोक्यावर फोडून लेखक मोकळे झाले, ते मला पटले नाही. जे थांबतात, जखमीला उचलतात, त्यांचे पुढे काय होते यावर लेखात एक ओळ नाही.

गेल्या पावसाळ्यात शिरवळजवळ एका दुचाकीस्वाराला गाडीने उडवले. मी आणि माझा भाचा मागून येत होतो. आमच्या आधी एक भाजीचा टेम्पो थांबला होता. रक्त थांबत नव्हते, म्हणून चालकाने क्रेट एका बाजूला रचून गोणपाट अंथरले आणि आम्ही तिघांनी त्या मुलाला आत घेतले. खासगी रुग्णालयात पोहोचल्यावर काउंटरवरचा पहिला प्रश्न, "पेशंट तुमचे कोण?" कोणी नाही म्हटल्यावर दुसरा, "मग डिपॉझिट कोण भरणार?" टेम्पोचालकाचे आधार कार्ड मागून ठेवून घेतले. पोलीस येईपर्यंत हलायचे नाही म्हणून सुरक्षारक्षक टेम्पोपुढे जाऊन उभा राहिला. त्याला माल घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात वेळेत पोहोचायचे होते. शर्ट रक्ताने भरलेला. हात कुठे धुऊ विचारले तर नळ स्टाफसाठी आहे म्हणाले. बसा असे एका माणसाने म्हटले नाही. मी आवाज चढवला, आतून डॉक्टर आले, तेव्हा कुठे स्ट्रेचर हलले. निघताना तो मला म्हणाला, "काका, पुन्हा नाय थांबणार मी."

त्याला मी काय सांगायचे होते? कायदा तर पूर्णपणे त्याच्या बाजूचा आहे. आधी जीव वाचवा, कायद्याचे सोपस्कार नंतर, आणि हे खासगी डॉक्टरांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगितले. जखमीला आणणाऱ्याला रुग्णालयाने अडकवून ठेवू नये, तो नातेवाईक नसेल तर त्याच्याकडे नोंदणीचे, भरतीचे पैसे मागू नयेत, या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांवर न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये शिक्कामोर्तब केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कलम १३४-अ आले. सप्टेंबर २०२० च्या नियमांनुसार मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. शिवाय त्याच्या हक्कांची सनद प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाने प्रवेशद्वाराशी किंवा ठळक जागी इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, लावायची आहे. त्या रुग्णालयाच्या दारात हेल्थ पॅकेजचा फलक होता, विमा कंपन्यांची यादी होती. सनद नव्हती. त्यानंतर नातेवाइकांना भेटायला ज्या ज्या दवाखान्यात गेलो तिथे मी दारात थांबून ती शोधतो. मला अजून दिसलेली नाही.

सरकारने मदत करणाऱ्यासाठीचे बक्षीस ५ हजारांवरून २५ हजार केले, त्याची बातमी सगळ्यांनी छापली. टेम्पोवाल्याने बक्षीस मागितले नव्हते. त्याला हात धुवायला पाणी आणि निघायची मोकळीक हवी होती. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला एवढे शिकवायला सरकारी योजना लागत नाही. ती सनद आपण मराठीत चौकट करून छापावी आणि आपल्या वार्ताहरांनी जिल्ह्यातील रुग्णालयांच्या दारात ती लागली आहे का ते पाहून नावानिशी लिहावे, अशी माझी विनंती आहे.

आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्रात रस्त्यावर पडलेल्या जखमीचा चेहरा स्पष्ट ओळखू येतो. त्याच्या आईने सकाळी तोच अंक उघडला असेल. मोबाइलवाल्यांना बोल लावणाऱ्या पानावर तो फोटो यायला नको होता. ई-पेपरमधून तरी तो आजच काढावा.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा