नावडत्याला दिलेले मत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबई महापालिकेचे निकाल लागल्यापासून 'मतदारांनी आमच्या उमेदवारांवर विश्वास दाखवला' हे वाक्य सगळ्याच पक्षांच्या तोंडून ऐकते आहे. आमच्या प्रभागात निवडून आलेल्या गृहस्थांना माझेही मत गेले आहे. त्यात विश्वास बिलकुल नव्हता. चिन्हाकडे बघून बटण दाबले, शेजारचे नाव वाचून कपाळाला आठी पडली. अशी आठी घालून मतदान केलेले आमच्या सोसायटीतच पुष्कळ निघतील. मतयंत्रात आठी नोंदवायची सोय नाही, म्हणून हे पत्र.

उमेदवार गुंड-बिंड नाही. प्रतिज्ञापत्र पाहिले, गुन्हा दाखल नाही. (हल्ली एवढ्यावरही हायसे वाटते, हे आपले दिवस.) तक्रार वेगळी आहे. हे दुसऱ्या पक्षातून आलेले, आणि प्रभागाशी त्यांचा संबंध दहीहंडी-नवरात्रीच्या बॅनरपुरता. इथे वर्षानुवर्षे पक्षाचे कार्यालय उघडून बसणारे, रेशनकार्डापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत लोकांसाठी धावणारे दोघे-तिघे होते. त्यांना 'तुमचंच नक्की आहे' म्हणत शेवटच्या रात्रीपर्यंत ताटकळत ठेवले आणि पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, म्हणजे एबी फॉर्म, पडला यांच्या हातात. अर्ज भरायची मुदत 30 डिसेंबर 2025 ला संपली, मतदान 15 जानेवारी 2026 ला. फेब्रुवारी 2017 नंतर थेट आता नगरसेवक निवडायचा, मार्च 2022 पासून तर प्रशासकाचाच कारभार, आणि एवढ्या काळाने आलेल्या माणसाची पारख करायला मतदाराला मिळाला जेमतेम पंधरवडा.

प्रचारात स्वारी आमच्या मजल्यावर आली तेव्हा मागे वीस-पंचवीस जण आणि खाली ढोल. हातात गुळगुळीत कागदाचा 'कार्यअहवाल' ठेवला. पहिल्याच पानावर ज्येष्ठ नागरिकांसाठी बसवलेल्या बाकाचा फोटो. बाकाच्या पाठीवर यांचे नाव इतके ठसठशीत की टेकून बसायलाही संकोच वाटावा. मी विचारले, पावसाळ्यात नाल्याचे पाणी आमच्या तळमजल्यावर शिरते, त्याचे काय करणार? "काकू, आधी निवडून तर येऊ द्या, मग बघतो." पटकन पाया पडले आणि पुढच्या दाराची बेल वाजवली. पुढच्या दारीही नाल्याचाच प्रश्न निघाला आणि उत्तरही तेच मिळाले, हे मला दार लोटता लोटता ऐकू आले.

तरी मत दिले. का दिले, तेही सांगते. महापौर आपण निवडत नाही, नगरसेवक निवडतात. 227 जणांच्या सभागृहात 114चा आकडा ज्याच्याकडे, त्याच्या हाती खर्चाला मंजुरी देणारी स्थायी समिती आणि पालिकेच्या तिजोरीच्या चाव्या. 2025-26चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता. एवढा पैसा कोणत्या धोरणाने खर्च व्हावा याबद्दल माझे मत पक्के आहे, आणि ते एका पक्षाच्या जवळ जाते. पुण्या-ठाण्यात बरे, तिथे बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. एखादा नावडता असेल तर तीन बटणे आपल्या पक्षाची आणि चौथे दुसऱ्याचे दाबून मतदाराला राग काढता येतो. मुंबईत प्रभाग एक, नगरसेवक एक, बटण एकच. पक्ष हवा असेल तर त्याने दिलेला माणूस गोड मानून घ्यायचा.

शेजारचे भाऊ म्हणतात, 'नोटा' दाबायचा होता. राज्य निवडणूक आयोगाने 2018 साली स्थानिक निवडणुकांसाठी आदेश काढला, 'नोटा'ला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. पण तेच उमेदवार पुन्हा उभे राहू शकतात! शिवाय सर्वाधिक मते पडणार कधी? अंधेरी पूर्वच्या 2022च्या पोटनिवडणुकीत 'नोटा'ला 12,806 मते पडून दुसरा क्रमांक मिळाला. चार दिवस चर्चा झाली, पुढे काही नाही. घरी बसायचे म्हटले, तर 2017 साली याच मुंबईत 220 क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांना प्रत्येकी 5,946 मते पडली होती आणि चिठ्ठी टाकून नगरसेवक ठरला. त्या दिवशी 'माझ्या एका मताने काय होतंय' म्हणून झोपलेल्यांना नंतर काय वाटले असेल, कोण जाणे.

आता माझ्या या हिशेबातली गोम. पक्षासाठी मत द्यावे आणि माणसाने ते खिशात घालून दुसऱ्या घरी जावे, असे झाले तर? ऑक्टोबर 2017 मध्ये मनसेच्या मुंबईतल्या सातपैकी सहा नगरसेवक एका फटक्यात शिवसेनेत गेले होते. एकेकटा गेला तर पद जाण्याची भीती, गट करून गेले की पक्षांतरबंदीच्या कायद्यातून वाट निघते. आमचे गृहस्थ एकदा घर बदलून आलेलेच आहेत. हे माहीत असून पक्षाने त्यांना उभे केले, कारण माझ्यासारखे मतदार जाणार कुठे, हेही पक्षाला पक्के ठाऊक आहे. आठी मुख्यतः त्याची आहे.

मत दिलेस ना, मग आता तक्रार करू नको, असेही ऐकवले जाते. हे मला कधीच पटलेले नाही. बोटावर मार्करची रेघ ओढून घेतली म्हणून पाच वर्षे तोंड शिवून घ्यायचे की काय? उलट ज्याला मत दिले त्याच्याच दारात जाऊन नाल्याचे विचारायचा मला हक्क जास्त.

पक्षांकडून मागणे फार नाही. लोकसभा-विधानसभेला गुन्हे दाखल असलेला उमेदवार दिला तर तोच का निवडला याचे कारण जाहीर करा, 'निवडून येऊ शकतो' एवढे कारण चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये बजावले. मग पालिकेच्या प्रत्येक उमेदवाराबद्दल, गुन्हा असो वा नसो, चार ओळींचे कारण पक्षाने आपण होऊन छापायला काय हरकत आहे? आणि एबी फॉर्म महिनाभर आधी द्यावेत. बंडखोरी होईल म्हणून नावे दाबून ठेवतात म्हणे. ज्या नावाने आपलेच कार्यकर्ते बंड करतील अशी धास्ती वाटते, त्या नावाचा फेरविचार करायला तो महिना उपयोगी पडेल.

सध्या आमच्या नाक्यावर 'विश्वास टाकल्याबद्दल शतशः आभार' असा फ्लेक्स लागला आहे. त्यावर परवानगीचा क्रमांक कुठेही दिसला नाही. नव्या नगरसेवकांनी कामाची सुरुवात तो उतरवण्यापासून करावी, आणि मे उजाडायच्या आत नाल्याकडे एक चक्कर मारावी.

— एक मतदार, पूर्व उपनगर, मुंबई