आयाळ जळाली, तक्रार ‘क्लोज’ झाली

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सिंहाच्या मुखवट्याने पेट घेणे

महोदय,

आज दुपारी तुमच्या माणसाने माझी तक्रार चौथ्यांदा ‘क्लोज’ केली, म्हणून हे पत्र.

तुमच्या ४४९ रुपयांच्या मुखवट्याला वीतभर आयाळ आहे, हे तुम्हाला सांगायला नको. कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, उत्सवाच्या रात्री माझा पाच वर्षांचा पुतण्या तो घालून घरभर गुरगुरत होता. समईपाशी वाकला, दोन केस ज्योतीला लागले आणि अख्खी आयाळ भुर्रकन पेटली. पोरगं मागे सरकलं तरी विझेना, वितळून ठिबकायला लागली. आई ‘काय व्हयनं रे भो!’ म्हणेपर्यंत वहिनीने मुखवटा ओढून फेकला, वर कळशी ओतली. एक भुवई गेली, कानामागे फोड आला. निभावलं ते वहिनीमुळे.

आता आजचा फोन.

“सर, प्रॉडक्ट आगीजवळ नेलं होतं का?” म्हटलं, कानबाईपुढे दिवा असतो. “मग हा कस्टमर मिसयूज होतो, सर.” पुढे, “जळण्याव्यतिरिक्त प्रॉडक्टमध्ये काही इश्यू?” मी जरा वेळ गप्पच बसलो. मग म्हटलं, नाही, बाकी झकास आहे, मागचं इलॅस्टिक अजून ताणतं. त्याने ते टाइप केलं हो! कीबोर्डची टकटक ऐकली मी. “ओके सर, इलॅस्टिक वर्किंग.” आणि समाधानी असाल तर ५ दाबा.

खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा २०२० चा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं. खेळण्यांच्या सुरक्षेचं मानक म्हणजे आयएस ९८७३, त्याचा भाग २ तर फक्त ज्वलनशीलतेवर आहे. दाढी, मिशा, टोप यांचे लांब केस पेटवून ज्योत बाजूला केली की २ सेकंदांत विझले पाहिजेत. दिवा जवळ येणार हे धरूनच चाचणी असते, साहेब. आमची आयाळ कळशी ओतेपर्यंत जळत होती. बॉक्सवर चिन्ह छापलंय, खाली सीएम/एल नंबरच, म्हणजे लायसन्स नंबरच, नाही. मग भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर काय तपासू, इलॅस्टिक?

थोरल्या पुतणीची डॉक्टर-पेटी तुमचीच होती, चार वर्षं टिकली. त्याच भरवशावर हा मुखवटा घेतला. आता पोरगं समई लावली की आतल्या खोलीत जाऊन बसतं.

चाचणीचा अहवाल, लायसन्स नंबर आणि हा माल दुकानांतून कधी उचलणार ते १५ दिवसांत लेखी कळवा. ४४९ रुपयांचं कूपन पाठवू नका, एकदा पाठवलंत तेवढं पुरे. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा, दोन्ही करणार. भुवई गेली आहे पोराची, भुवई!

जळका मुखवटा बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलाय. इलॅस्टिकसकट.

तुमचा आजवरचा ग्राहक,
अमळनेर, जि. जळगाव